टाकीच्या तळाचं पाणी

पिकअप ललिताच्या शेडसमोर इतक्या जोरात येऊन थांबली की रस्त्याकडेचा फुफाटा उडून थेट तिच्या शेगडीवर बसला. दार आपटून केरबा खाली उतरला आणि उतरता उतरताच त्यानं तोंड सोडलं.

“ओ बाई! ह्याला डाग म्हणतात व्हय? तीन आठवडं न्हाय झालं अजून!”

ललिता एका रेडिएटरवर वाकून बसली होती. हातातला डाग द्यायचा तापलेला कय्या तिनं परत निखाऱ्यात खुपसला, पदरानं कपाळ पुसलं आणि विचारलं, “काय झालं?”

“काय झालं? टाकी गळतीया! पयल्यापेक्षा जास्त गळतीया!”

शेडमध्ये आणखी दोन गिऱ्हाइकं बसली होती. दोघांनीही माना वळवल्या. ललिताला टोचलं ते हेच.

उचगावच्या पुलाजवळ पत्र्याच्या त्या शेडमध्ये ललिता गाड्यांच्या टाक्यांना आणि रेडिएटरना डाग द्यायची. म्हणजे तापल्या कय्यानं कथील वितळवून गळकी जागा बुजवायची. नवरा वारल्यावर ती शाहूपुरीतल्या एका गॅरेजात टाक्या धुवायला लागली होती. अकरा वर्षं तिनं टाक्याच धुतल्या. सोड्याच्या गरम पाण्यानं हाताची सालं निघायची. मालकानं तिला कय्याला कधी हात लावू दिला नाही. बायकांचा हात कापतो, म्हणायचा. ती बघून बघून शिकली, घरी फुटक्या डब्यांवर हात बसवला आणि एक दिवस स्वतःचं शेड घातलं. तेव्हा शाहूपुरीतली माणसं हसली होती. आता तीच माणसं अवघड टाक्या तिच्याकडं पाठवत होती. ललिताचा डाग गळत नाही, एवढं एक नाव तिनं कमावलं होतं, आणि हा माणूस ते भर रस्त्यात धुळीला मिळवत होता.

“माझा डाग गळत न्हाय,” ती म्हणाली.

“मग काय टाकी रडतीया व्हय?”

केरबा शिरोळकडचा, नदीकाठच्या एका गावचा. पन्नाशी ओलांडलेला, तोंडानं फटकळ. गावातलं दूध पहाटे गोळा करायचं आणि कोल्हापुरात डेअरीत पोचवायचं, हे तो बारा वर्षं करत होता आणि बारा वर्षं हीच पिकअप चालवत होता. तिचा रंग कधीच उडाला होता, पण इंजिन अजून धडधाकट होतं.

“सकाळी डेअरीनं दूध परत केलं माझं,” तो म्हणाला, आणि आता त्याचा आवाज जरा खाली आला. “कॅनच्या बुडाला डिझेलचा वास येतोय म्हणाले. सगळी गाडी परत. गावच्या बायकांनी पहाटं उठून धारा काढलेलं दूध, बाई! मी त्ये तसंच परत घिऊन गेलो. आमच्या आक्कानं, थोरल्या भनीनं, घमेल्यात वतून वासराम्होरं ठेवलं. वासरानं तोंड लावलं न्हाय. आक्का नुसती माझ्याकडं बघत हुती.”

ललिता उठली. गोणपाट घेतलं, गाडीखाली अंथरलं आणि सरळ त्यावर आडवी झाली. टाकीच्या तळावर तिनं चिंधी फिरवली, मग बोटांनी चाचपलं. तीन आठवड्यांपूर्वी तिनं बसवलेली पत्र्याची टिकली जागच्या जागी होती. तिच्या कडेनं कथलाची रेघ तशीच चकचकीत होती, आणि कोरडी होती. ओल होती ती तिथून चार बोटं पुढं.

“मामा, या हिकडं. खाली या.”

“मी कशाला येऊ खाली?”

“वरडलासा की भर रस्त्यात. आता बघा बी.”

केरबा कुरकुरत गाडीखाली सरकला. तिनं त्याचं बोट धरून आधी टिकलीवर फिरवलं, मग पुढच्या ओल्या जागेवर टेकवलं.

“ह्यो माझा डाग. कोरडा हाय का न्हाय? आणि ही गळती. नवं भोक हाय. पयल्याचा आणि ह्येचा काय संबंध न्हाय.”

केरबानं ते बोट पुन्हा पहिल्या टिकलीवर नेऊन बघितलं. मग म्हणाला, “म्हंजे टाकीच कुजली. सगळी गॅरेजवाली त्येच म्हणत्यात. गाडी म्हातारी झाली, टाकी म्हातारी झाली, भंगारात घाला. दोन वर्षांमागं कुणी म्हणत नव्हतं. आता एकदमच कशी म्हातारी झाली?”

तो प्रश्न ललिताच्या डोक्यात अडकला. मागच्या खेपेला तिनं टाकी उतरवली, धुतली, डाग दिला आणि गाडी मार्गी लावली. आतून भरपूर तांबेरा निघाला होता, तो तिनं बघितला होता. पण जुन्या टाकीतून तांबेरा निघायचाच, असं म्हणून तिनं तिकडं लक्ष दिलं नव्हतं. एवढ्या तीन आठवड्यांत बरोबर दुसऱ्या जागी भोक पडावं, याचा अर्थ टाकी बाहेरून नाही, आतून कुजत होती.

तिनं टाकी उतरवली. वरचं डिझेल बादलीत काढून घेतलं. पण तळातलं शेवटचं दोन तांबे डिझेल तिनं या वेळी काचेच्या बरणीत ओतलं आणि बरणी उन्हात ठेवली. थोड्या वेळानं तिनं केरबाला हाक मारली.

बरणीत दोन थर झाले होते. वर पिवळसर डिझेल. खाली गढूळ, तांबूस, बोटभर उंचीचं काहीतरी.

“ह्ये काय हाय?” केरबानं विचारलं.

“पाणी.”

“पाणी? माझ्या टाकीत पाणी कुठनं आलं? मार्च महिना हाय!”

“पाणी जड असतंय. तळाला जाऊन बसतंय आणि पत्रा खातंय. वर कितीबी डिझेल असू दे. डिझेल कुठं भरतासा, मामा?”

“आमच्या फाट्यावरच्या पंपावर. सगळा गाव तितंच भरतोय.” एवढं बोलून केरबा थांबला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग बदलत गेला. “आमच्या बाळासोच्या ट्रॅक्टरचा डिझेल पंप दोनदा गेला की औंदा. मिस्त्री त्यालाच म्हणाला, तुला ट्रॅक्टर चालवता येत न्हाय. आणि... बाई, त्यो फाट्यावरचा पंप गेल्या साली पुरात हुता. आठ दिवस नुसतं छप्पर दिसत हुतं!”

पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत पुराचं पाणी शिरलं असणार, हे दोघांनाही एकाच वेळी कळलं. पूर ओसरून आठ महिने होत आले होते. आठ महिने तो पंप चालू होता, आणि आठ महिने गावातल्या गाड्या, ट्रॅक्टर, पाण्याची इंजिनं एकामागून एक बिघडत होती. प्रत्येकाला मिस्त्रीनं हेच सांगितलं होतं की तुझी गाडी जुनी, तुला चालवता येत नाही, तुझीच चूक.

केरबानं बरणी उचलली. “जातो आणि त्येच्या डोस्क्यावर वततो.”

“ठेवा खाली.”

“का? भ्या वाटतंय व्हय?”

“मला न्हाय वाटत. पण बरणी घिऊन गेलासा तर त्यो काय म्हणंल? घरनं पाणी घालून आणलं म्हणंल. तुमी खोटं पडशीला आणि वर मार खाशीला. मला टाकी नीट करू द्या. मग मी येतो संगं.”

कोल्हापुरातल्या बाया बोलतात तशी ती “येतो” म्हणाली, आणि ते केरबाला त्या क्षणी कुठल्याही पैलवानाच्या बोलण्यासारखं वाटलं.

पुढचे दोन दिवस टाकी शेडमध्येच होती. ललितानं ती सोड्याच्या उकळत्या पाण्यानं पाच वेळा धुतली. आत बारीक खडी टाकून तिनं टाकी हलवली, कितीतरी वेळ हलवली. प्रत्येक वेळी ओतल्यावर विटेच्या चुऱ्यासारखं तांबडं पाणी निघायचं. डिझेलची टाकी कितीही धुतली तरी ललिता आगीला भ्यायची. शाहूपुरीत एकदा घाईघाईनं वेल्डिंग केलेली टाकी फुटलेली तिनं स्वतः बघितली होती. म्हणून भोकाची जागा वर येईल अशी टाकी आडवी ठेवून तिनं ती पाण्यानं गच्च भरली, फक्त भोकाभोवतीचा पत्रा कोरडा ठेवला. तो घासून पांढरा केला. नवसागरावर कय्या घासला, कथील धरलं आणि नवी टिकली सगळ्या बाजूंनी बसवत नेली. हात कापला नाही. हौदात टाकी बुडवून आत हवा भरली तेव्हा एकही बुडबुडा वर आला नाही. मग तिनं टाकी उन्हात तोंड खाली करून वाळवली आणि तळाच्या बोल्टच्या भोकातून आत चिंधी फिरवून बघितली. चिंधी कोरडीच बाहेर आली.

टाकी गाडीला परत बसवली, पण तिच्यात थेंबभरही डिझेल घातलं नाही. इंजिनाला प्लास्टिकच्या एका कॅनमधून नळी जोडली. तो कॅन मांडीवर घेऊन ललिता पुढं बसली, आणि दोघं फाट्याकडं निघाली.

पंपावर आण्णा होते. साठीच्या आसपासचे, खाकी शर्ट, मितभाषी. चौदा वर्षं ते तिथं डिझेल भरत होते. केरबानं गाडी लावली तशी ललिता उतरली, टाकीखालचा बोल्ट तिनं काढला आणि म्हणाली, “आण्णा, जरा हितनं बोट घालून बघता का? ओल लागती का?”

आण्णांना वाटलं, बाईला दिसत नसेल. वाकून त्यांनी बोट घातलं, फिरवलं, अंगठ्यावर घासून बघितलं. “कोरडी हाय की. खडखडीत.”

“बरं,” ललिता म्हणाली आणि तिनं बोल्ट आवळला. “वीस लिटर टाका.”

आण्णांचा हात पाइपवर क्षणभर थांबला. त्यांनी तिच्याकडं बघितलं. काय चाललंय ते त्यांना तेव्हा समजलं असावं. तरीही वीस लिटर डिझेल त्यांनी टाकीत सोडलं.

केरबानं गाडी पंपाच्याच आवारात, कडेच्या लिंबाखाली नेऊन लावली आणि ती दोघं तिथं बसून राहिली. पाणी तळाला बसायला वेळ द्यायला हवा होता. तेवढ्यात बाळासो ट्रॅक्टर घेऊन आला. केरबानं त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. बाळासो आडदांड, तापट माणूस. त्यानं ट्रॅक्टर बरोबर डिझेलच्या मशिनपुढं आडवा लावला, चावी खिशात घातली आणि लिंबाखाली येऊन बसला. मागून आणखी गाड्या आल्या. हॉर्न वाजायला लागले. “थांबा जरा, जत्रा हाय,” बाळासो बसल्या जागेवरून सांगत होता.

तासाभरात पंपाच्या मालकाचा मुलगा आला. पृथ्वीराज त्याचं नाव. पंपाचा कारभार तोच बघायचा. तिशीचा, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. गाडीतून उतरतानाच त्याच्या कपाळाला आठी होती.

“काय केरबा, हा काय तमाशा? गाडी बंद पडली काय?”

“बंद न्हाय, दादा. डिझेल भरलंय, मुरू देतोय जरा.”

“आणि ही कोण?”

“टाकीचं काम करणाऱ्या बाई हायत. उचगावच्या.”

पृथ्वीराजनं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. “नाव काय तुझं?”

“ललिता.”

“पूर्ण नाव सांग. आडनाव काय?”

हा प्रश्न ललिताला जन्मापासून ओळखीचा होता. शाळेत विचारला गेला होता, गॅरेजात विचारला गेला होता, भाड्यानं खोली बघताना विचारला गेला होता. विचारणाऱ्याला आडनाव नको असतं. कुठल्या वस्तीतली, तेवढं त्याला हवं असतं. तिची कानशिलं तापली.

“डिझेलला आडनाव लागत न्हाय,” ती म्हणाली. “केरबामामा, बरणी आणा. झाला वेळ.”

माणसं भोवती गोळा झाली. ललितानं पुन्हा गोणपाट अंथरलं, गाडीखाली सरकली, बरणी बोल्टखाली धरली आणि बोल्ट ढिला केला. धार बरणीत पडायला लागली. बरणी भरत आली तशी तिनं बोल्ट आवळला, बाहेर आली आणि बरणी सगळ्यांच्या समोर, गाडीच्या बॉनेटवर ठेवली.

पहिलं जे आलं होतं ते गढूळ होतं. त्यावर हळूहळू पिवळा थर तरंगायला लागला आणि दोघांच्या मधली रेघ एखाद्यानं पट्टी लावून मारल्यासारखी सरळ झाली. बाळासोनं पुढं होऊन वरचं डिझेल हळूच सांडून टाकलं आणि खालचं तळहातावर घेतलं.

“पाणी हाय,” तो म्हणाला. मग ओरडला, “पाणी हाय की रं! माझा पंप दोनदा गेला, आणि ह्ये पाणी पाजतासा व्हय आमास्नी?”

एकदम गलका झाला. जो तो आपलं सांगायला लागला. कुणाचं पाण्याचं इंजिन ऐन पिकाला पाणी द्यायच्या दिवशी बंद पडलं होतं, कुणाची जीप लग्नाच्या वऱ्हाडासकट रस्त्यात उभी राहिली होती.

पृथ्वीराजनं दोन्ही हात वर केले. “ऐका! अरे, ऐका! हे आधीच टाकीत पाणी ठेवून आले असतील. ही बाई कोण, कुठली, हिला कुणी पाठवलं, काय माहीत? भंगाराचा धंदा करणारी माणसं ही!”

“टाकी भरायच्या आधी कोरडी हुती,” ललिता म्हणाली. “आण्णांनी स्वतः बोट घालून बघितलंय.”

सगळ्यांच्या माना आण्णांकडं वळल्या. आण्णा मशिनजवळ उभे होते.

“आण्णा,” पृथ्वीराज म्हणाला, “नीट विचार करून बोल.”

आण्णांच्या निम्म्या वयाचा मुलगा त्यांना असं म्हणाला. केरबानं बारा वर्षांत त्याला कधी दादाशिवाय हाक मारली नव्हती. आता त्याचा तोल गेला. “आरं ए पृथ्वीराज! थोरल्या माणसाला धमकी देतोस व्हय? बोला आण्णा तुमी!”

आण्णांनी खाली बघितलं. हातातल्या फडक्यानं बोटं पुसत राहिले.

“कोरडी हुती,” ते म्हणाले.

“घरी जा,” पृथ्वीराज म्हणाला. “उद्यापासनं यायचं नाही.”

आण्णांनी फडकं मशिनवर ठेवलं आणि ते चालत निघून गेले. गलक्यात कुणाचं तिकडं लक्षही नव्हतं. ललिताचं होतं. पण त्याच वेळी पोलिसांची गाडी आली, हवालदार गर्दी पांगवायला लागला, बाळासोला ट्रॅक्टर काढायला लावलं, आणि ती काही बोलायच्या आत सगळं मोडून गेलं.

केरबानं आणि बाळासोनं तेलकंपनीकडं तक्रार केली. तपासायला माणूस आला तो चौथ्या दिवशी. मधल्या तीन दिवसांत पंपावर एक टँकर आला होता आणि त्यानं जमिनीखालच्या टाकीचा तळ ओढून नेला होता. बाळासोनं तो स्वतःच्या डोळ्यांनी बघितला होता. तपासायला आलेल्या माणसानं काठी बुडवली, बघितली आणि लिहिलं की दोष आढळला नाही. पंप चालूच राहिला. आणि फाट्यावर बोललं जायला लागलं की उचगावच्या त्या बाईनं कुणाचे तरी पैसे खाऊन नाटक केलं.

ते बोलणं शाहूपुरीपर्यंत पोचलं. ज्या गॅरेजात ललितानं अकरा वर्षं टाक्या धुतल्या, तिथला मालक म्हणे हसून म्हणाला, “तिला कय्या दिला कुणी?”

हे ऐकलं त्या दिवशी ललिता जेवली नाही. काम करताना तिनं कथलाची कांडी इतक्या जोरात दाबली की ती वाकली. खोटं बोलणारा दुकान मांडून बसला होता आणि खरं बोलणारा घरी बसला होता. आण्णा घरी बसले होते, हे आठवलं की तिचा राग एकदम अडखळायचा. तिथं काहीतरी नीट नव्हतं.

एक दिवस ती त्यांचं घर शोधत गेली. दारात त्यांची बायको बायडाबाई ज्वारी निवडत बसली होती. कोण आलंय ते कळल्याबरोबर तिनं सूप बाजूला सारलं.

“तू व्हय ती? ये, ये. बघ काय केलंस त्ये! तुझी अब्रू तू राखलीस. तुझा डाग खरा ठरला. आणि आमचं? ह्या वयात कोण काम देणार ह्यास्नी? बोट घालून बघा म्हणालीस! कशासाठी बघायचं त्ये आधी सांगितलंस का? माझ्या नवऱ्याचं बोट काय तुला रस्त्यावर पडलेलं घावलं?”

बायडाबाई म्हणत होती ते खरं होतं. तिनं आण्णांनाच निवडलं होतं, कारण पंपाच्याच माणसाचा शब्द मोडणं अवघड जाईल हे तिला ठाऊक होतं. त्यांचं काय होईल, हा विचार तिनं केला नव्हता.

“चुकलं माझं,” ती म्हणाली. “इचारायला पायजे हुतं. आण्णास्नी मी वापरून घेतलं.”

आतून आण्णा बाहेर आले. “तिला काय बोलतीस?” ते बायकोला म्हणाले. “इचारलं असतं तर मी न्हाय म्हणलो असतो. आणि मग?” ते उंबऱ्यावर बसले. “पूर ओसरल्यापासनं रोज सकाळी मी काठी टाकतोय. पाण्याची पेस्ट लावून टाकायची असती, पाणी असलं की रंग बदलतोय. रोज बदलतोय. रोज मी सांगतोय. टाकीच्या तोंडाचं रबर कुजलंय, शेजारच्या उसाला पाणी सोडलं की चेंबर भरतंय आणि त्ये खाली झिरपतंय. टँकर आणून तळ काढला तरी पुढच्या पाळीला परत तेवढंच. मला सांगितलं, गप बस, काठी पुसून ठिव. मी पुसून ठेवली. आठ महिनं.”

“ह्ये लिहून द्याल?” ललितानं विचारलं. या वेळी तिनं घाई केली नाही. “कंपनीच्या मोठ्या सायबाला. नावानिशी. द्यायचंच असं न्हाय. काकू म्हणतील तसं.”

बायडाबाईनं सूप पुन्हा ओढून घेतलं. ज्वारीतले खडे ती वेचून बाजूला टाकत राहिली. “आता जायचं त्ये गेलंच हाय,” ती शेवटी म्हणाली. “लिहा म्हणावं. पण चांगलं खरमरीत लिहा.”

आण्णा सांगत गेले, गावातल्या एका मास्तरीणबाईंनी लिहिलं, खाली बाळासोनं आणि गावातल्या तीस-चाळीस जणांनी सह्या केल्या, आक्कानं अंगठा उठवला. केरबा ते पाकीट घेऊन स्वतः पुण्याला, कंपनीच्या ऑफिसात देऊन आला. दीड महिन्यानं साहेब आले ते न कळवता आले, आणि आले ते बरोबर शेजारच्या उसाला पाणी सोडलेल्या दिवशी. आण्णांनी पत्रात तो दिवस धरायला सांगितलं होतं. चेंबरचं झाकण उघडलं तेव्हा आत गुडघाभर पाणी होतं.

पंपाला कुलूप लागलं. दोन महिने ते तसंच होतं. जुनी टाकी खणून काढली, नवी पुरली.

पण तेवढंच. पंप पुन्हा उघडला तो त्याच मालकाचा. कुणाच्या इंजिनाची भरपाई कुणाला मिळाली नाही. पत्रात मागितली होती. उत्तर आलं की तो भाग आमच्या कक्षेत येत नाही. आण्णांना कामावर परत घेतलं नाही. ते एका वीटभट्टीवर राखणीला जायला लागले.

हे सगळं सांगायला केरबा उचगावला आला. पिकअपची टाकी तोवर बाहेरून कोरडी ठणठणीत होती. डेअरीनं दूध पुन्हा कधी परत केलं नव्हतं.

“पंपाला केळीचं खांब लावल्यात,” तो शेडच्या तोंडाशी उभा राहून म्हणाला. “पेढं वाटलं त्यानं गावात. आमच्या आक्काकडं पुडा धाडला हुता. आक्कानं जसाच्या तसा परत धाडला.”

“बरं केलं.”

“मी आता लांबच्या पंपावर भरतो. दहा किलोमीटर वाकडी वाट पडती.” तो जरा घुटमळला. “त्या दिवशी मी वरडलो हुतो हितं. चारचौघांत. त्ये मनात ठेवू नका.”

“न्हाय ठेवलं. तुमाला ठाव नव्हतं. ज्येला ठाव हुतं त्येचं ठेवलंय.”

“आता त्ये बी सोडा की, बाई. नवी टाकी बसली. झालं न्हवं?”

ललितानं कय्या निखाऱ्यातून काढला. “काय झालं? टाकी नवी झाली, माणूस त्योच बसलाय गल्ल्यावर. आण्णा ह्या वयात भट्टीवर विटा राखत्यात. तुमचं दूध वाया गेलं, बाळासोचा पंप गेला, मला भंगारवाली म्हणाला, आडनाव इचारलं. ह्यातलं काय मिटलं सांगा? एक तरी?”

केरबानं डोकं खाजवलं.

“मग? मला न्हाय सोडायचा राग,” ती म्हणाली. “तुमी आधी गाडी बाजूला घ्या. मागं टेम्पो उभा हाय, त्याची टाकी बघायची हाय मला.”

केरबानं गाडी बाजूला घेतली. ललिता गोणपाट उचलून टेम्पोकडं गेली.